लिफ्टर

आदमाने सरांच्या उजव्या हाताचं मधलं बोट
अजून जरा ईशान्येला बघतं.
सत्त्याऐंशी साली, औरंगाबादला,
आंतरमहाविद्यालयीनच्या सेमीफायनलला
ते नेटच्या दोरीत अडकलं.
सरांनी शेजारच्या बोटाला ते चिकटपट्टीनं बांधलं
आणि उरलेला सेट त्याच हातानं खेळून काढला.

हे त्यांनी नाही सांगितलं.
सांगितलं इलियासचाचांनी, जे त्या टीमचे स्मॅशर,
ज्यांचा फोटो पेपरात आला होता
आणि जे आता परळीत थर्मलच्या रस्त्याला पंक्चर काढतात.
फोटोत सरही आहेत म्हणे.
चाचांच्या कोपराखाली, अर्धा कान.

पुढं सर अकरा वर्षं तासिकेवर.
मानधन मार्चात, आलं तर.
ग्राउंडवर रात्रीतून राख उतरायची,
काल मारलेल्या चुन्याच्या रेषा
सकाळी कुणाच्याच नसायच्या.
सर खिळा ठोकायचे, सुतळी ताणायचे,
नऊ बाय अठरा
पुन्हा.

मी अकरावीत. टीममध्ये सगळ्यांत उंच.
स्मॅश माझाच, हे मी घरी सांगूनसुद्धा ठेवलेलं.
सर म्हणाले, तू लिफ्ट कर.
मी नळावर जाऊन रडले, तोंड धुतल्यासारखं करत.
ते मागून आले तरी गप्पच.
दुसऱ्या दिवशी एवढंच,
"बॉलकडं काय बघायलीस?
बॉल येणारच आहे.
पोरींकडं बघ. कुणाचा श्वास लागलाय,
कुणाला आत्ता बॉल नकोय."

लातूर. विभागीय फायनल. चौदा-चौदा.
सारिकाचा हात त्या दिवशी पेटलेला,
ती ओरडत होती, दे, दे.
रुक्मिणचे लागोपाठ तीन बाहेर गेलेले,
ती काहीच मागत नव्हती.
मी रुक्मिणला दिला.

चौथाही बाहेर.
त्यानंतरच्या सर्व्हिसला आमचं सगळंच मोडलं.

एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही.
रेणापूरला सरांनी आठ भेळी घेतल्या,
माझी माझ्या मांडीवर ठेवली,
म्हणाले, लिफ्ट चांगली होती.
खिडकीकडं तोंड करून
मी ती सगळी खाल्ली, मिरचीसकट.

वीस वर्षं झाली. तेवढ्या एका वाक्यावर
मी किती ठिकाणी उभी राहिले,
त्याचा हिशोब नाही.
पोरींची एक टीम आता माझ्याकडंही आहे,
जिंतूरला, उतारावरच्या ग्राउंडवर,
जिथं बॉल सारखा नाल्यात जातो.

मागच्या महिन्यात सर रिटायर झाले.
रात्री साडेदहाला फोन.
शाल किती निघाल्या, ते सांगितलं. सात.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"लातूरला, तुझ्या जागी मी असतो ना,
तर सारिकालाच दिला असता."

मी म्हटलं, माहिती आहे सर.

"माहिती होतं?"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.