बेगमी

कंपनीचा फॉर्म येतो जानेवारीत,
सूर्य परतायला अजून नऊ दिवस असतात तेव्हा.
बारा पानं. डावीकडे माल, मध्ये गेल्या वर्षीचा खप,
उजवीकडे कोरी चौकट : पुढील वर्ष.
जहाज एकदाच येणार, जुलैअखेर, बर्फाने वाट दिली तर.
लिहायचं राहिलं ते वर्षभर नाही.

मी दुकानाला आतून कडी घालते
आणि तीनशे बारा माणसांचं वर्ष
पेन्सिलीने भरायला बसते.

पीठ सोपं असतं. मीठ, साखर, काडेपेट्या.
काडतुसं दोन खोकी जास्त, पोरं मोठी होतायत.
कॉफीला हात आखडता घ्यायचा नाही,
हे माझ्या आधीच्या दुकानदाराने बजावलं होतं.
कॉफीविना एक एप्रिल काढला त्याने या गावात,
आणि पहिल्याच हेलिकॉप्टरने गेला.

मग डायपर.
चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसते ती भक्तीने नव्हे.
कोण उठताना बाकाला हात टेकते,
कोणाचा अनोराक पुढून तोकडा पडू लागलाय,
प्रार्थनेच्या वेळी सगळं नीट दिसतं.
यूस्टीनेने अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.
माझ्या पाचव्या पानावर तिचं बाळ रांगायला लागलंय.

फळ्या. लांब, बिनगाठीच्या.
स्लेजला लागतात, दारांना लागतात,
फॉर्म कारण विचारत नाही.
सहा मी दरवर्षी वरच्या मागवते,
मागच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवते.
गावाला ठाऊक आहे. मोजायला कोणी जात नाही.

आणि पान नऊ : पाईपचा तंबाखू, निळा डबा.
हा एकटा पाविआ ओढतो, वर्षाला चोवीस.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत
तो दुकानाच्या पायरीवर बसून खोकला,
बर्फावर तांबडं पडलं, त्याने बुटाने बर्फ वर ओढला.
नर्स म्हणाली, समुद्र मोकळा होईपर्यंत, फार तर.
मी हिशेबी बाई.
त्या रात्री चोवीसच्या शेजारच्या चौकटीत
शून्य लिहिलं. गोल, नीट, एका दमात.

जुलैत समुद्र मोकळा झाला,
जहाज आलं,
आणि धक्क्यावर दोर ओढायला
सगळ्यात पुढे पाविआ.

सप्टेंबरात शेवटचा डबा संपला तसा आला.
मी म्हटलं, कंपनी विसरली.
त्याने रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ.
कंपनी, म्हणाला.
बस, एवढंच.
नंतर सगळा हिवाळा दर गुरुवारी यायचा,
तोंडात कोरडा पाईप,
काही विकत घ्यायचा नाही.
थंडी आहे आज, म्हणायचा
आणि जायचा.

गेल्या जानेवारीत मी छत्तीस मागवले.
आज पुन्हा तेच पान.
चोवीस लिहिलं. खोडलं. तीस केलं.
कागद तिथे इतका झिजलाय
की खालचं टेबल दिसतं.

कडी वाजली. पाविआच.
एक्याऐंशीचा झालाय, पापण्यांवर बर्फ.
फॉर्म भरतेयस ना, नुकाका? मग लिही :
लाल रंग, होडीचा, चार डबे.
म्हटलं, होडी विकलीस ना तू, मालिकच्या बापाला?
ती विकली, म्हणाला. दुसरी घ्यायचीय.
यंदा नाही. पुढच्या उन्हाळ्यात.
पण रंग आधी आलेला बरा.

मी लाल रंग लिहिला.
ब्रश लागेल, म्हटलं. केवढा?
त्याने हातमोजा दाताने ओढून काढला
आणि हात फॉर्मवर उताणा ठेवला : चार बोटं.
मी फूटपट्टी घेतली,
करंगळीपासून तर्जनीपर्यंत माप घेतलं,
हात गार होता, हलत नव्हता.
साडेसात सेंटिमीटर.
आठचा येतो, म्हटलं.

आठचा चालेल, म्हणाला. होडी मोठी आहे.