डबीच्या अंगावर

स्लाइडखाली दिवा धरला की पंखा बंद करावा लागतो.
यावलचा मे महिना, त्यात बंद पंखा.
फुक्सिनवर वाफ दिसली पाहिजे, उकळी नको.
पाच मिनिटं मी घाम पुसत मोजते.

समोर आजच्या सतरा डब्या.
लोक थुंकी आणतात, हवा असतो खाकरा.
"पोटमाईन काढ रे भाऊ, सकायना, चूळ भरीसन,"
खिडकीतून सुपडूआबा समजावतो,
स्वतः खोकून दाखवतो.
बाया पदराआड हसतात.
हल्ली दाखवायला लागला
की त्याला थांबता येत नाही.

मग आम्ल.
आम्लाने सगळा रंग उतरतो,
एकाचाच उतरत नाही.
मग निळा. मग भिंगावर तेलाचा थेंब.
निळ्यात लाल काड्या,
पेन्सिलीची मोडलेली टोकं सांडावीत तशा.

शंभर जागा बघायच्या असतात.
अकरा नंबरला विसाव्या जागीच थांबले.
तीन अधिक.

रजिस्टरमध्ये नाव झिपरू बुधा, वय कोरं, गाव कोरं.
डबी परत हातात घेतली.
नाव झाकणावर नव्हतं,
डबीच्या अंगावर होतं.
झाकणं अदलाबदल होतात, हे गावात कुणाला ठाऊक?
सहा वर्षांपूर्वी, नवी असताना,
मी त्यासाठी एकाच माणसावर ओरडले होते.
अर्धी भरलेली, बाहेरून पुसलेली, घट्ट लावलेली.
इतका नीट नमुना माझ्याकडे कोणी आणत नाही.
आणि तो झ,
हजेरीपटावर रोज असतो,
सु. झि. सपकाळे.

चार वाजता आबा रिपोर्ट न्यायला आला.
लाल शाईने लिहायचं असतं, लिहिलं होतं.
"हाऊ झिपरू कोन शे, आबा?"
"मन्हा बाप," म्हणाला. "मरी गया कव्हयच."
पंख्याने कागद उडत होता,
त्याने त्यावर स्लाइडची पेटी ठेवली.

रजिस्टरमध्ये खोडायचं नसतं.
एक रेघ मारायची, वर लिहायचं, शेजारी सही.
पूर्ण नाव सांगा, म्हटलं.
सहा वर्षं ठाऊक असलेलं नाव
त्याने सावकाश सांगितलं, मी लिहून घेतलं.
वय चोपन्न.

मग त्याला उबळ आली.
खिडकीशी आता कोणी नव्हतं.
तिकडे तोंड करून,
माझ्याकडे पाठ करून,
तो खोकला.