आठशेच्या खाली

केस नंबर दोनशे तेरा. वरचे, समोरचे दोन.
धंतोलीहून डॉ. किंमतकरांची चिठ्ठी:
निकेल चालत नाही, हिरड्या काळ्या पडल्यात,
टायटॅनियम करा.
पेशंट कॉर्नेट वाजवतो.

शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

टायटॅनियमचं एक वाईट आहे,
ते हवेला हावरट.
भट्टीत जरा ढिलं सोडलं
की प्राणवायू पीत बसतं, अंगावर खपली धरतं,
मग त्या खपलीवर कितीही जीव ओतून दात चढवा,
खपली निघते,
दात तिच्यासोबत जातो.
म्हणून आठशेच्या खाली राहायचं.
साडेसातशे. फार तर सातशे सत्तर.
बाकीचे धातू नऊशे साठलाही कुरकुरत नाहीत,
पण ते बाकीचे.

पहिला जोड चौदा एप्रिलच्या रात्री गेला,
मिरवणूक इंदोऱ्यात असताना.
डब्यात परत आला तो करडा, उघडा,
आणि पोर्सिलेन वेगळं, कागदात,
बत्ताशाच्या चुऱ्यासारखं.
भिंगाखाली धरलं. चूक माझीच.
ओतल्यावर वर येणारी कडक साल
मी कडेला तशीच ठेवली होती.
एवढीशी. केसाएवढी.

दुसऱ्या जोडाला लाईट नडली.
बाहेर सेहेचाळीस, भट्टी अर्ध्यात,
व्हॅक्यूम सुटला,
दातांवर साबुदाणा फुलला.
तो मी कोणाला दाखवलाच नाही.

मग तो स्वतःच आला. यादोराव सोनटक्के.
गांधीबागेतले तीन जिने चढून,
खिशात रुमालात गुंडाळलेला माउथपीस.
"मॅडम, प्लास्टिकच्या दातानं हवा बाजूनं निसटून रायली.
तेरा तारखेची सुपारी घेतली ना मी."
वाजवून दाखवा म्हटलं.
त्यानं नुसता माउथपीस ओठांना लावला:
डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखं काहीतरी,
आणि मध्येच फुस्स.
अस्लमनं सँडब्लास्टर बंद केला होता
ते मला नंतर कळलं.

आम्हाला इथं माणसं दिसत नाहीत.
प्लास्टरचे जबडे येतात, नंबर येतात.

तिसऱ्यांदा साल काढली ती हळू, एकाच दिशेनं.
घासताना टायटॅनियम पांढऱ्या ठिणग्या टाकतं,
चिडल्यासारखं; थांबायचं, निवू द्यायचं.
वाळूचा मारा. मग बोट लावायचं नाही,
घामाचं तर नाहीच, आणि मे महिन्यात
घामाशिवाय बोट कुठून आणायचं?
चिमट्यानं धरलं. पातळ राखाडी लेप. भट्टी.
अपारदर्शक थर. भट्टी.
मग दाताचा पिवळा; त्याचा पिवळा
खऱ्याचा होता, तर्रीचा, चाळीस वर्षांचा.
भट्टी.

निवताना धातू जरा जास्त आक्रसतो,
चिनीमातीला आवळून धरतो.
जे जुळायचं ते तिथं पक्कं होतं, जाळात नाही.
म्हणून बाहेर काढल्यावर
पंखा नाही, कूलर नाही,
फुंकर तर मुळीच नाही.
मी तोंडावर ओढणी धरून उभी.

तेरा तारखेला रात्री सेंट्रल अव्हेन्यूवर
तीन वराती एकामागे एक.
मी स्कूटी बाजूला लावली.
दुसरीत तो होता, लाल कोटात,
खांद्यावर कोणाची तरी झालर पडलेली.
दात बघावे म्हणून किती वेळ मान वर केली.
वाजवणाऱ्याचे दात दिसतच नाहीत.
ओठ मिटलेले असतात,
सगळा जोर आतून.

एका ठिकाणी सूर चुकला.
तो दाताचा नव्हता,
एवढं मी खात्रीनं सांगते.