तारारिरासच्या डेअरीत एजंट बसवताना

एजंट म्हटल्यावर इबार्बुरूंना वाटलं,
विम्याचा माणूस आला.
मी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, बोटाच्या पेराएवढा,
तर म्हणाले, हा? ह्याला पगार किती?

दूध संघाची मागची खोली. आंबूस वास भिंतीत मुरलेला.
खिडकीला पोतं, कारण दुपारचं ऊन
थेट सर्व्हरच्या तोंडावर येतं.
खुर्ची एकच, तीही त्यांची.
मला त्यांनी दुधाचा कॅन उपडा घालून दिला.
एकोणीस वर्षं चारशे गोठ्यांचं लिटर, फॅट, तापमान
ह्या कपाटातल्या आठ डिस्कांवर साठत आलंय,
आणि एखादी कुरकुरायला लागली
की कळायचं फक्त ह्यांना.
कसं? कपाटाला तळहात लावून.

"तिसरी दमलीय," म्हणाले.
मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या पडद्यावर करारनामा.
मी "मान्य"कडे बोट नेलं. थांब, म्हणाले,
आणि चष्मा पुसून अख्खा वाचला,
ओळीओळीखाली नख ओढत.
"इथे लिहिलंय, यजमान म्हणजे हे यंत्र.
मग मी कोण?"
करारात तशी व्याख्या नव्हती.

फाइली उतरल्या. सेवा सुरू झाली.
आणि हिरव्याच्या जागी लाल:
मुख्य सर्व्हरने नव्हे, इथल्याच कुणीतरी वाट अडवलेली.
मी केबल पाहिली, पत्ता पाहिला, पासवर्ड दोनदा टाकला,
मोंतेविदेओला फोन लावला. तिथे जेवणाची सुट्टी.
ते गप्प माते पीत होते.
नळीचा शेवटचा गुरगुराट झाल्यावर म्हणाले,
"दार मीच लावलंय.
एका वर्षी व्हायरस आला, बिलांवर सगळ्या गायी
शून्य लिटर द्यायला लागल्या,
तेव्हा एकेका पोर्टला कडी घालत गेलो.
कितवं हवंय?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी वही काढली, शिसपेन्सिलीने त्या आकड्यापुढे
तारीख टाकली, माझं आडनाव विचारून घेतलं,
आणि मगच कडी काढली.

एजंट जागा झाला. मोजायला लागला.
पहिली ठीक. दुसरी ठीक.
तिसरीपाशी पिवळा त्रिकोण:
लवकरच निकामी होण्याची शक्यता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वहीत पाहत होते,
तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर.
"बरोबर आहे ह्याचं," म्हणाले,
तोंडी परीक्षेत पोराला पास करावं तसे.

"आता हा काय करत बसणार?"
दर मिनिटाला मोंतेविदेओला कळवणार: मी आहे.
"एवढंच?"
बिघडलं तर ते. नाहीतर एवढंच.
"रात्रीसुद्धा?"
रात्रीसुद्धा.
"माझा मुलगा बार्सिलोनात असतो," म्हणाले,
आणि थर्मासमधलं पाणी गार झालं म्हणून
उठून तापवायला गेले.

सहा दहाची बस मिळाली.
दोन्हीकडे कुरणं, अंधारात न दिसणाऱ्या गायी,
माझ्या मांडीवर पेन ड्राइव्ह आणि त्यांनी दिलेला
चीजचा तुकडा, बिलाच्या जुन्या कागदात.
डोळा लागतो तोच मोबाइल थरथरला:
तारारिरास. एजंट उत्तर देत नाही.
एक मिनिट. दोन. तीन.
तिसरी डिस्क गेली, मी मनात म्हटलं,
आणि तिच्याबरोबर एखादं अख्खं वर्षाचं दूध.

फोन त्यांनी नवव्या रिंगला उचलला, धापा टाकत.
केबल काढलीय, म्हणाले. आज शुक्रवार.
शुक्रवारी मी मागची धूळ झटकतो, ब्रशने.
लावतो आता.

कट् असा आवाज फोनमधून आला.
मोबाइलवर हिरवा ठिपका.
"कळलं होतं का त्याला?" त्यांनी विचारलं.
हो, लगेच.
"लगेच म्हणजे किती?"
एका मिनिटात.

ते थोडा वेळ बोलले नाहीत.
मागे पंखे ऐकू येत होते, आठही,
त्यातला एक किंचित मागे पडणारा.
"बरं," म्हणाले. "मग पुढच्या शुक्रवारी
आधी सांगून काढीन."