भुईकाटा

बाहेर मे महिना. गच्चीवरचा पारा सत्तेचाळीसला टेकलेला,
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
खाली, सावद्याजवळच्या आमच्या तळघरात
एक उतरंड उलटी टांगलेली आहे,
सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या ताटांची.
वरून खाली एकेक ताट अधिक थंड.
सर्वांत खालच्याला मी
निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा शंभरावा भाग
एवढीच ऊब राहू दिली आहे.

तिथे नखाएवढ्या चकतीवर अल्युमिनियमचं कडं.
समोरच्या टपरीवरची किटली त्याच धातूची.
कड्याला दोन सांधे, दहा-पंधरा अणूंच्या जाडीचे,
आणि आत फिरणारा प्रवाह, ज्याला कुणी अडवत नाही.
त्याला वळवायचं तर हात बेताचा लागतो:
सेकंदाला पाच अब्ज हेलकावे,
त्यातले मोजून शंभर, आणि बस.
थोडं जास्त झालं की तो पुढे जाऊन पडतो,
थोडं कमी, तर उंबऱ्यावरच.
मग हळूच विचारायचं, कुठे आहेस?
विचारतानाही त्याला धक्का लागतोच.

फेब्रुवारीपासून तो रात्री बिघडायचा.
कधी सव्वादोन, कधी पावणेतीन.
स्वर उतरायचा,
चार-पाच मिनिटं उतरलेलाच,
आणि परत जागेवर, जसं काही झालंच नाही.
मी केबल बदलल्या. डाग पुन्हा झाळले.
हेलियमचा पंप चक्-चक् करत राहिला,
त्यालाही दोष देऊन पाहिला.
पुण्याहून सरांचा निरोप: सॉफ्टवेअर बघ.
बघितलं.

बाबा वजनमाप खात्यात होते.
जळगावच्या सराफ्यात काचेच्या पेटीतले तराजू
तपासत त्यांचा जन्म गेला.
गुंजेच्या फरकावरून, आवाज न चढवता,
भल्याभल्यांना घाम फोडायचे.
मला एकदाच म्हणाले होते,
काटा हलला की आधी खिडकी बघ, मग माल.

आमच्या तळघराला खिडकी नाही.
तरी त्या रात्री दोन वाजता मी वर आले.
भट्टी विझल्यावरची असते तशी हवा,
आणि रस्त्यापलीकडे भुईकाट्यावर
एक ट्रक रांगत रांगत चढत होता.
केबिनमध्ये सिकंदर तडवी, लांबट वही, कानावर पेन.
"दिल्लीची गाडी, ताई. सोळा टन."
मी म्हटलं, वही द्याल एक रात्र?

पहाटेपर्यंत दोन वह्या शेजारी ठेवून बसले.
गाडी चढली, स्वर उतरला.
गाडी उतरली, स्वर चढला.
महिन्याच्या छत्तीस गाड्या.
एकही चुकली नाही.

वही परत करताना त्याला सांगितलं:
तुमचा काटा साठ टनांचा, माझा फार हलका.
एवढं लोखंड जवळ आलं
की पृथ्वीच्या चुंबकरेषा जरा वाकतात,
आणि माझं कडं दचकतं.
तो बराच वेळ गप्प. मग,
"म्हणजे केयी नाई दिसत तुमच्या यंत्राले?"
नाही.
"रिकामी गाडी न् भरेल गाडी सारखीच?"
सारखीच.
"मंग काय मोजता व ताई तुम्ही?"

ऑगस्टमध्ये कवच आलं, निकेलच्या मिश्रधातूचं.
कड्याभोवती घंघाळासारखं बसवलं.
रेघ सरळ झाली. सरांनी अभिनंदन कळवलं.
बाबांना फोनवर म्हटलं, खिडकी सापडली.
"लावलीस?"
लावली.

आता सव्वादोनला ती सरळ रेघ बघत बसते.
वरून सोळा टन केळी, हिरवीच,
दिल्लीला निघून जातात
मला न कळता.