सात नंबरचा हूक

तेहतीस वर्षं मी हवेत बसून काढली.
विट्कोवित्सेला, सात नंबरच्या क्रेनवर,
खाली उकळतं पोलाद, डोक्यावर पत्रे,
मध्ये मी आणि थर्मासमधली कॉफी.
साठ टनांचं भांडं अंड्यासारखं खाली ठेवायचे.
आणि आता एकशेनव्वद किलो
तळघराच्या अकरा पायऱ्या उतरेनात.

पण ते नंतर. आधी निवड.

पहिलं यंत्र खोक्यातून येणार होतं, घरी जोडायचं.
पोकळ दांडे, रबरी पट्टा,
चित्रात एक तरुण हसत हसत
फळीवर हरीण कोरतोय.
मला हरीण नकोय.

दुसरं ओपावाच्या दुकानात. काळं, देखणं,
मिनिटाला चोवीस हजार फेरे घेतं म्हणे.
विक्रेता सगळं माझ्या भाच्याला समजावत होता,
झ्बिनेकला, जो पोस्टात आहे
आणि स्क्रू कुठल्या बाजूनं सुटतो हे अजून विचारतो.
मी पिशवीतून डायल गेज काढला.
चुंबकाचा पाय टेबलावर टेकवला, चिकटेना.
ॲल्युमिनियम.
शेवटी शिकंजात धरला, अंगठ्यानं स्पिंडल रेटला,
रांगेत पुढच्या बाईला हलकेच सरकवावं, तेवढाच.
काटा हलला. आठ शतांश. नऊ.
"इतकं कोण बघतं?" तो म्हणाला,
पहिल्यांदाच माझ्याकडे वळून.

पोलाद बघतं.
लाकूड सांभाळून घेतं, पितळही घेतं एखाद वेळी.
पोलादात कटर थरथरला की ते किंचाळतं,
आणि त्याची लाट कायमची अंगावर ठेवतं.

तिसरं जुनं. व्रांचिक नावाच्या दंतवैद्याचं,
हाताची चाकं काढून त्यानंच मोटारी बसवलेल्या,
वायरींचा गुंता, एका स्क्रूला खेळ,
पाठीवर गंजाचा नकाशा.
पण बेड बिडाचा.
चुंबकानं कट्कन पाय धरला.
पेरानं ठोकून पाहिलं: टण् नाही, ठप्.
बिडाला आवाज मुरवता येतो,
आमच्या फोरमनला अपमान मुरवता यायचा तसा.
रेटलं. एक शतांश.
दात खाऊन रेटलं. दीड.
दोन हजार कोरुना कमी करून घेतले,
वर कोलेटचा डबा.

मग पायऱ्या.
खांब वेगळा, टेबल वेगळं, मोटारी भाजीच्या टोपलीत.
जिन्याच्या तुळईला साखळीची कप्पी,
वर झ्बिनेक, आणि वरच्या मजल्यावरची नर्स लिबुशे,
मी खाली, मान वर करून.
सगळा जन्म खालून कुणीतरी मला हात करायचं.
आज माझाच हात उठला:
बोटं मिटत मिटत, थोडं... थोडं... तळवा आडवा,
थांब.
लिबुशेला ही भाषा येत नव्हती. थांबली मात्र.

सात नंबर त्यांनी गॅसनं कापली, भंगारात दिली.
मी ती करतेय, पंचवीस पटींनी लहान.
पूल ॲल्युमिनियमचा चालेल, केबिन पितळेची.
हूक पोलादाचाच.
त्याच्यासाठी हे सगळं.

लिबुशेची रात्रपाळी असली की
दुपारी चारनंतरच चालवते.
दोन दशांशाचा काप, भरपूर तेल,
कीस पिवळसर पडतो, कुरळा,
मोज्यात शिरतो आणि अंथरुणात सापडतो.

हूक अजून झालेला नाही.
काल एक कटर मोडला.
यंत्राचा दोष नाही, घाई माझी.