दोरी मागे उलगडेपर्यंत

पहिल्या वर्षी मी पकडलं ते असं:
चेहेडीच्या बंधाऱ्याजवळची बाभूळ, तीनदा.
माझीच वेणी.
आणि एकदा पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीचं शेपूट.
तिने मान वळवून अशी काही पाहिली
की मी तिची माफी मागितली.

सावळीराम बेंडकुळे हसले नाहीत.
देवळाली कॅम्पात मेसवर आचारी होते तेव्हा
कुणा मेजरमागे डबा घेऊन दारणेवर जायचे.
डबा उघडायला वेळ असायचा,
तेवढ्यात शिकले.
म्हणाले, ''बाई, तुमचा हात अजून नोटा मोजतोय.''

खरं होतं. एकोणीस वर्षं नाशिक रोडला, प्रेसमध्ये,
करकरीत गड्ड्या, अंगठ्याला घट्टा.
थांबणं त्या हाताला ठाऊकच नाही.

''दोरी मागे गेली की जाऊ द्या तिला.
पाठीमागे ती सरळ होते.
दिसत नाही, मनगटाला कळतं.
फोडणीत मोहरी तडतडून गप्प होते ना,
तेवढाच वेळ. मग पुढे.''

रविवारमागून रविवार
मी मोहरी ऐकत राहिले.

गळ तांदळाच्या कणीएवढा.
त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस,
येवल्याहून आणलेल्या जरीचा उरलासुरला धागा.
नणंद म्हणते, चिलापीला पैठणी नेसवतेस.
माशी आणि मासा, एका अक्षराचं अंतर,
बोटं बारीक असली की संपतं,
असं मला वाटायचं.

''आणि सावली घरी ठेवून येत जा,''
हे ते दर वेळी म्हणायचे.
मी दर वेळी घेऊन जायचे.

या मार्गशीर्षात त्यांच्या डोळ्यांत मोती पिकला.
ऑपरेशनला ना. काठी मात्र बरोबर.
दगडावर बसून विचारलं,
''काय उडतंय?''
चिलटं, म्हटलं.
''चिलटं सगळीच असतात. रंग?''
राखाडी. नाही, थांबा,
पंखाच्या बुडाशी पिवळट.
''बसतंय, की टेकून उठतंय?''

तेव्हा कुठे मी पाहिलं.
प्रेसमध्ये मी चुका शोधते,
पुसट आकडा, सरकलेली रेघ.
इथे काहीच चुकलेलं नव्हतं,
त्यामुळे नजरेला
कुठे थांबावं ते कळेना.

टेकून उठतंय, म्हटलं. शेवटी.

''मग पिवळी बांधा.''
आणि स्वतःची दोरी माझ्यापुढे धरली,
न बोलता.
मी गाठ मारली, जिभेने ओली केली,
हळू आवळली.

त्यांनी टाकली. पाण्याकडे तोंडसुद्धा नव्हतं.
दोरी मागे गेली, मोहरी गप्प झाली,
पुढे आली ती इतकी अलगद
की पाण्याला बहुधा कळलंच नाही.
असं चारदा. काही नाही.
पाचव्यांदा मला काही दिसायच्या आत
ते म्हणाले, ''लागली.''

आधी हात पाण्यात बुडवले, मग मासा धरला.
कोरडा हात त्याला भाजतो म्हणे.
''केवढी?''
वीतभर.
''मेसमध्ये मी हातभर सांगितली असती.''
आणि बोटं उघडली.

परतताना सिन्नर फाट्यापर्यंत
त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.
ओला, चिलापीचा वास येणारा.

सोमवारी गड्डी मोजताना
हात मधेच थांबला.
सुपरवायझर बघायला लागला.
सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी?
पुन्हा पहिल्यापासून.